इशाऱ्याविना विकली जाणारी खेळणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात इतवारीतून नातीसाठी रंगीत भातुकली आणली. दोनच दिवसांत तिचा रंग मुलीच्या बोटांना लागू लागला. खोक्यावर मात्र रंगात काय आहे, याचे एक अक्षरही नव्हते.

कॅलिफोर्नियात १९८६ च्या ‘प्रपोझिशन ६५’ कायद्यानुसार, कर्करोग किंवा प्रजननहानी घडवणाऱ्या यादीतील रसायनांशी ग्राहकाचा ठरावीक मर्यादेपलीकडे संपर्क येणार असेल, तर आधी स्पष्ट इशारा द्यावा लागतो. तो नसल्यास सामान्य नागरिकही ६० दिवसांची नोटीस देऊन दावा लावू शकतो आणि दंड प्रत्येक उल्लंघनामागे दिवसाला २,५०० डॉलरपर्यंत असल्याने अनेक कंपन्या तडजोड करून शिसे वा थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) कमी करतात किंवा इशारा छापतात. या तडजोडींतील मोठी रक्कम वकिलांकडे जाते, हा आक्षेप खरा आहे. तरीही वस्तू बदलते, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीची भरपाई देण्याची जबाबदारी, आहे, परंतु भरपाईसाठी हानी दाखवावी लागते, आणि शिशाची हानी तर लहान मुलांच्या मेंदूत गाजावाजा न करता होत राहते. खेळण्यांवर २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक आहे. मी आणलेल्या खोक्यावर ते नव्हते. ब्युरोने नागपूरच्या बाजारांतील नमुने तपासून निकाल वृत्तपत्रांत जाहीर करावेत आणि रसायनांचा इशारा मराठीत छापणे सक्तीचे व्हावे, ही कळकळीची विनंती.

एक आजोबा, महाल, नागपूर