सर्च इंजिनांच्या स्पर्धेचा कायदा किती दिवस मसुद्यातच राहणार?

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ व कॉर्पोरेट व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली.

महोदया, स. न. वि. वि.

बड्या डिजिटल कंपन्यांना आधीच नियम घालून देणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आपल्या मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला केला होता. त्यानंतर सर्च इंजिनांच्या बाजारात इतकी उलथापालथ झाली आहे की, तो मसुदा आज जसाच्या तसा मंजूर झाला तरी या क्षेत्रापुरता तोकडा पडेल, आणि मंजूरच झाला नाही तर नुकसान त्याहून मोठे असेल. मी शेती आणि ग्रामीण विषयांवरचे एक छोटे मराठी संकेतस्थळ चालवतो. आमचा बहुतेक वाचक सर्चमधून येतो, म्हणून हा विषय आमच्यासाठी रोजच्या भाकरीचा आहे.

सध्याच्या कायद्याची गती किती आहे, हे आपल्याच स्पर्धा आयोगाच्या कामावरून दिसते. गुगल सर्चमधील पक्षपाताच्या तक्रारी २०१२ मध्ये दाखल झाल्या, निकाल फेब्रुवारी २०१८ मध्ये लागला आणि दंड झाला १३५.८६ कोटी रुपयांचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने, फोनवर आपलीच ॲप्स लादल्याच्या अँड्रॉइड प्रकरणी, गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही निर्देश रद्द केले, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आयोगाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या धंद्यात दोन वर्षांत खेळाडू आणि खेळ दोन्ही बदलतात, तिथे सहा वर्षांनी आलेला निकाल म्हणजे वरातीमागून घोडे. आधी नियम घालून द्या आणि मग खेळू द्या, हे मसुद्यामागचे तत्त्व म्हणूनच योग्य होते.

अँड्रॉइडच्या आदेशानंतर, जानेवारी २०२३ मध्ये, भारतातील नव्या फोनवर डिफॉल्ट, म्हणजे आपोआप वापरले जाणारे, सर्च इंजिन निवडण्याची सोय देण्याचे गुगलने जाहीर केले. ही सोय स्वागतार्ह आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. नवा फोन हाती आलेल्या माणसाला संपर्क आणि फोटो जुन्या फोनवरून आणायचे असतात; मध्येच आलेल्या यादीतले ओळखीचे नाव तो दाबतो आणि पुढे जातो. डिफॉल्ट जागेची खरी किंमत जाणून घ्यायची तर ती जागा विकत घेणाऱ्याने काय मोजले ते पाहावे. अमेरिकी सरकारने गुगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाले की, अशा जागांसाठी गुगलने २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, आणि २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर. ग्राहक सहज दुसरे इंजिन निवडू शकतो, असे सांगणारी कंपनी एवढे पैसे धर्मादाय म्हणून वाटत नसणार.

त्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निर्णय दिला. निकालपत्रातील एक तुलना आपल्या अधिकाऱ्यांनी आवर्जून वाचावी: गुगलकडे १३ महिन्यांत वापरकर्त्यांची जितकी माहिती जमा होते, तितकी जमवायला मायक्रोसॉफ्टच्या बिंगला १७ वर्षांहून अधिक काळ लागेल. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

याचा अर्थ मराठीत कसा दिसतो ते सांगतो. एकच उतारा शोधताना कोणी ‘सातबारा’ लिहितो, कोणी ‘सात बारा’, कोणी ‘७/१२’, कोणी आकड्यांपुढे रोमन लिपीत ‘उतारा’ जोडतो, तर कोणी फोन समोर धरून नुसते गावाचे नाव बोलतो. या सगळ्यांना एकच कागद हवा आहे, हे इंजिनाला केवळ शब्दकोशातून शिकता येत नाही. लोकांनी काय विचारले, कुठल्या दुव्यावर टिचकी मारली, कुठून चार सेकंदांत परत फिरले आणि कुठे थांबले, यातून ते उमगते. इंग्रजीत अशी माहिती थोडीफार तरी दोन-तीन कंपन्यांत विभागलेली आहे. मराठीत ती जवळजवळ एकाच गोदामात साठते आहे. त्यामुळे उद्या पुण्यातल्या चार हुशार अभियंत्यांनी मराठीसाठी चांगले सर्च इंजिन करायचे ठरवले, तरी त्यांची सुरुवातच रिकाम्या हाताने होणार.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबईतून चालणाऱ्या इंडियावर्ल्ड समूहात ‘खोज’ नावाची सेवा होती, आणि तो समूह १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांना विकला गेला. पुढे आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली, सरकारी निधीतून, मराठीसह पाच भारतीय भाषांसाठी ‘संधान’ हे पर्यटनविषयक सर्च इंजिन तयार झाले. ते आज किती मराठी वाचकांना ठाऊक आहे, हे मी आपल्याला विचारत नाही. स्वतःचा निर्देशांक (वेबपानांची शोधसूची) बांधणे परवडत नाही म्हणून जगातील अनेक छोटी इंजिने बिंगचे निकाल भाड्याने घेत असत. मायक्रोसॉफ्टने ती खुली सेवासुद्धा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केली.

म्हणून युरोपने आपल्या डिजिटल बाजार कायद्यात मोठ्या सर्च इंजिनाला प्रश्न, क्रम आणि क्लिक यांची माहिती, व्यक्तीची ओळख काढून टाकून, स्पर्धकांना वाजवी दराने देणे बंधनकारक केले. मेहता यांनीही सप्टेंबर २०२५ च्या उपाययोजनेत क्रोम ब्राउझर विकायला लावले नाही, डिफॉल्टसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही (हे मला पटलेले नाही), परंतु अनन्य (फक्त गुगललाच जागा देणाऱ्या) करारांना मनाई केली आणि काही माहिती पात्र स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. आपल्या मसुद्यात सर्च इंजिन या सेवेचा समावेश आहे, स्वतःच्या सेवांना झुकते माप देण्यावर निर्बंध आहेत. मात्र सर्चमधील माहिती वाटून घेण्याचे असे कलम नाही.

दरम्यान स्पर्धेचे मैदानच सरकले आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना परप्लेक्सिटी या प्रश्नांची तयार उत्तरे देणाऱ्या एआय सेवेची सशुल्क आवृत्ती वर्षभर फुकट देऊ केली. ऑक्टोबरमध्ये जिओने पात्र ग्राहकांना तशाच, गुगलच्या जेमिनी सेवेची सशुल्क आवृत्ती १८ महिने मोफत जाहीर केली, आणि पुढच्याच महिन्यात चॅटजीपीटीची स्वस्त आवृत्ती भारतात वर्षभरासाठी मोफत झाली. ग्राहक म्हणून मलाही फुकटचे आवडते. पण उत्तर देणारे यंत्र आता सिमकार्डासोबत घरात येते आहे, आणि ज्या गुगलने २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ३३,७३७ कोटी रुपये गुंतवले, तिचीच एअरटेलमध्येही २०२२ पासून छोटी हिस्सेदारी आहे. काल फोन उत्पादकाशी होणारा डिफॉल्टचा करार उद्या दूरसंचार कंपनीशी होईल, तेव्हा तो मसुद्यातील कुठल्या व्याख्येत बसेल?

आमच्यासारख्या प्रकाशकांची अडचण थोडक्यात सांगतो. सर्चच्या पानावर वरतीच तयार उत्तर मिळाले की वाचक खाली येत नाही. त्या उत्तरासाठी आमचा मजकूर वापरू नका असे सांगायला जावे, तर सर्चमधूनच दिसेनासे होण्याची धास्ती वाटते. वृत्त प्रकाशकांच्या तक्रारीवरून आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला, तेव्हा हा प्रश्न जन्मालाही आला नव्हता.

नव्या कायद्याच्या कचाट्यात देशी कंपन्याही सापडतील, ही उद्योगातील भीती मी समजू शकतो. तसे असेल तर मसुद्यातील सर्व नऊ प्रकारच्या डिजिटल सेवांवर एकदम कायदा लावू नये; पहिल्या टप्प्यात केवळ सर्च इंजिन आणि त्याला जोडलेली उत्तर देणारी सेवा घ्यावी, जिथे कोणा देशी कंपनीचे नुकसान होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्या टप्प्यात माहिती वाटपाचे कलम घालावे, आणि डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या चौकटीत भारतीय भाषांतील माहितीपासून त्याची सुरुवात करावी. दूरसंचार कंपन्यांशी होणारे मोफत वाटपाचे करार आयोगाला आगाऊ कळवणे सक्तीचे करावे. सर्चमध्ये दिसणे आणि तयार उत्तरात वापरले जाणे या दोन परवानग्या प्रकाशकाला वेगवेगळ्या देता याव्यात. सुधारित मसुदा कधी प्रसिद्ध होणार, त्याची तारीख संसदेच्या येत्या अधिवेशनात सांगावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एका मराठी संकेतस्थळाचा संपादक