‘सोडून दे’ म्हणालास म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इंग्रजीतल्या चुकांवरून मी उगाच जीव जाळतो, भाषा बदलतच असते, अर्थ कळला की झालं, तेव्हा सोडून दे, असं तू लिहिलंस. मला ते सोडता येत नाही. का येत नाही, ते निदान तुला तरी नीट सांगावं म्हणून लिहायला बसलोय.

तुझं जे पटतं ते आधी सांगतो. इंग्रजी बिघडली ही ओरड आजची नाही. भाषेला शिस्त लावणारी एखादी संस्था काढा, म्हणून ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टने 1712 मध्ये इंग्लंडच्या कोषमंत्र्याला जाहीर पत्र लिहिलं होतं. क्रियापदांच्या भूतकाळातला स्वर लोक गाळतात, ‘डिस्टर्बेड’चं ‘डिस्टर्ब्ड’ करतात, याचाही त्याला राग होता. आज सगळं जग ‘डिस्टर्ब्ड’च म्हणतं आणि कुणाचं काही अडत नाही. भाषा एका जागी थांबवून ठेवता येईल ही आशा कोशकार सॅम्युअल जॉन्सननेही सोडली होती, आणि आपल्या 1755 च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत तसं लिहूनही ठेवलं. स्पेलिंगचं तर बोलायलाच नको. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी विद्वानांनी लॅटिनशी नातं दाखवायला मागाहून घुसवलाय. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला, त्या शब्दाचं लॅटिन ‘इन्सुला’शी काही नातंच नाही. तेव्हा इंग्रजी स्पेलिंग फार शहाणपणाचं आहे असं मी म्हणतच नाहीये.

पण मी ज्यावर चिडतो ते हे नव्हेच. बदल म्हणजे सगळे मिळून हळूहळू एक रूप टाकतात आणि दुसरं घेतात. मला रोज दिसतं ते असं, की एकाच पानावर, एकाच माणसाने ‘इट्स’ वर अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वर येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, एकदा दिलाय, एकदा दिलेला नाही, आणि दोन्ही वेळा चूकच: नको तिथे दिलाय, हवा तिथे नाही. यात कसली आली भाषेची वाटचाल? लिहिणाऱ्याने लिहिलेलं परत वाचलं नाही, एवढंच.

आता एक उदाहरण देतो, मग ठरव. भाषांतराला एका यंत्राचं माहितीपत्रक आलं होतं. त्यात वाक्य होतं, की वीज बंद केल्यावर झाकण उघडणं ‘नाउ’ सेफ आहे. आता उघडायला हरकत नाही, असा सरळ अर्थ. पण पुढच्याच ओळीत म्हटलं होतं, की वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, विद्युतभार काही काळ टिकून राहतो. मी थबकलो. लिहिणाऱ्याला ‘नाउ’ म्हणायचं होतं की ‘नॉट’? इंग्रजीत दोन्ही शब्द तीन अक्षरांचे, फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. एका अर्थाने झाकण उघडायचं, दुसऱ्या अर्थाने हात लावायचा नाही. विचारल्यावर उत्तर आलं, ‘नॉट’च हवं होतं. त्या उत्तराची सुरुवात ‘तुमचं बरोबर आहे’ अशी होती, आणि तिथेही ‘यू आर’ऐवजी ‘युवर’ लिहिलेलं होतं.

अर्थ कळला की झालं, असं तू म्हणतोस. इथे अर्थ कळलाच होता, आणि तो नेमका उलटा होता. संगणकाच्या स्पेलिंग तपासणीवर लोकांचा फार भरवसा असतो. पण साधी तपासणी शब्द कोशात आहे की नाही एवढंच बघते. ‘युनायटेड’च्या जागी ‘अनटाइड’ पडलं, म्हणजे जोडलेल्याचं सुटलेलं झालं, तरी तिला काही खटकत नाही. ‘डेफिनेटली येतो’ लिहिताना स्पेलिंग जरा चुकलं की फोन त्याचं ‘डिफायंटली’ करून टाकतो. नक्की येतो म्हणणारा माणूस मग तुम्हाला न जुमानता येतो.

ब्रिटनमधलं ते प्रकरण तुला माहीत आहे का? 2009 मध्ये ‘टेलर अँड सन लिमिटेड’ नावाची कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने तो कार्डिफच्या ‘टेलर अँड सन्स लिमिटेड’च्या नावावर चढवला. फरक एका एसचा. कार्डिफची कंपनी शंभराहून अधिक वर्षं जुनी होती. नोंद लवकरच दुरुस्त झाली, पण तोवर बातमी पसरली होती. माल पुरवणाऱ्यांनी उधारी थांबवली आणि काही महिन्यांत कंपनी बुडाली. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्या कार्यालयाला जबाबदार धरलं. पण कंपनी गेली ती गेलीच.

हे सगळं नुकसानीचं झालं. माझं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते तुलाच कळेल, कारण आपण दोघांनीही इंग्रजी पुस्तकातूनच शिकून घेतली. ‘कुड हॅव’ घे. बोलताना त्याचं ‘कुडव्ह’ होतं आणि ते ‘कुड ऑफ’सारखं ऐकू येतं, म्हणून लहानपणापासून इंग्रजी बोलणारेही सर्रास ‘कुड ऑफ’ लिहितात. त्यांचं काही बिघडत नाही, कारण त्यांचा कान ते सावरून घेतो. पण ज्याला तो कान नाही, ज्याने नियम पाठ करून ही भाषा मिळवली, तो त्या ‘ऑफ’पाशी अडून बसतो. व्याकरणात शोधतो, कोशात शोधतो, आणि शेवटी आपलंच काहीतरी शिकायचं राहिलं असेल असं समजतो. हे मी नवीन शिकणाऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय आणि मला ते अजिबात सहन होत नाही. परक्याला भाषेत शिरायला नियम हीच एक उघडी वाट असते. उच्चार सहजासहजी बदलत नाही, जन्म तर बदलता येतच नाही. पण नियम जो मेहनत करेल त्याचा. ते ढिले पडले, की कोण आपला आणि कोण बाहेरचा हे पुन्हा उच्चारावरूनच ठरणार.

म्हणूनच शिकणाऱ्याचं ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ चुकलं तर मला राग येत नाही. तो धडपडत असतो. ज्याला येतं आणि जो तरीही दुसऱ्यांदा वाचत नाही, त्याचा येतो. त्याची दोन मिनिटं वाचतात, आणि ती मिनिटं मग प्रत्येक वाचणाऱ्याच्या खिशातून जातात.

जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने ब्रिटनमध्ये 2001 मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवायला एक संस्था काढली होती. 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. वय झालं हे एक कारण. आणि आता याची पर्वा करणारी माणसं कमी झाली, हे दुसरं. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं त्या माणसाने किती शांतपणे आणि सभ्यपणे चुका दाखवल्या असतील!

तू लिहिलंयस की तुमच्याकडचे अहवाल आता दुसरं कुणी वाचत नाही, वेळच नसतो, ज्याने लिहिलं तोच पाठवून देतो. एवढं एक माझं ऐक. ती दुसऱ्याने वाचायची पद्धत पुन्हा सुरू कर. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, कारण आपण कागदावरचं न वाचता मनातलं वाचतो. दुसऱ्याला ती पहिल्या फेरीतच सापडते. तुझ्या हाताखालची नवी मुलं आधी कुरकुरतील, करू देत. आणि माझं काही पटलं नसेल तर फोनवर वाद घालू नकोस, लिहून पाठव.

तुझाच,
जुना मित्र