काकांचं पान

पुणे

तीर्थस्वरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर "ते सातबाऱ्याचं राहू दे, माझ्या माघारी तुम्ही बघा" एवढं बोलून तुम्ही फोन आईकडे दिलात. या विषयावर तुमच्याशी समोरासमोर कधी धड बोलणं होत नाही, म्हणून लिहिते. सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, तिचा नवा चष्मा अजून आला नसेल.

मला वाटतं, काकांचं नाव आता सातबाऱ्यावरून कमी करावं. पीककर्जासाठी किंवा वाटणीसाठी म्हणत नाही. ती कामं अडली तर अडू देत.

ते नाव तिथं का आहे, हे मला माहीत आहे. काका 1971 च्या लढाईत गेल्याचं नौदलाचं पत्र घरात येऊन पडलेलं असतानाही आजोबांच्या पश्चात वारस लावताना आजीनं हट्टानं काकांचं नाव घालायला लावलं. रेशनकार्डावरचं नाव तर तिनं कितीतरी वर्षं कमी करू दिलं नाही. 1982 साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सगळं गाव खूश होतं आणि आजी मात्र घोरात पडली होती. लेकरू पत्र धाडील ते जिल्हा उस्मानाबाद म्हणूनच, मग ते पोचायचं कसं? तुम्ही पोस्टमनला घरी आणून तिची समजूत घातली होती. पुढे 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि गावच उठून दुसरीकडे गेलं. तेव्हा मी शाळेत होते, पण ढिगाऱ्यातून आजीची पत्र्याची पेटी निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो. भांडीकुंडी, धान्य, तिचं सोनं, कशाचीच तिनं चौकशी केली नाही. पेटीचं झाकण चेपलं होतं. तुम्ही पहारीनं ते उचकटलंत, तिनं आत हात घालून कागद चाचपले आणि मग तिथंच मातीत बसून रडली. नव्या घरात राहायला गेल्यावर कित्येक महिने ती जुन्या गावठाणातल्या मारुतीपाशी जाऊन बसायची. "ते आलंच तर हितंच यील की. नवं घर त्याला कोण दावणार?"

असल्या बाईपुढे कोण काय बोलणार? तुम्ही बोलला नाहीत, ते बरोबरच केलंत. पण आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली, बाबा. तिनं धरलेली वाट तुम्ही अजून धरून बसला आहात, आणि ती वाट मनापासून धरावी असं काही तुमच्याजवळ नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तुमच्या कपाटातली कात्रणं मी पाहिली आहेत. पाकिस्तानच्या तुरुंगांत अडकल्याचं मानलं जातं त्या आपल्या 54 बेपत्ता सैनिकांची. 2007 साली त्यांचे नातेवाईक तिकडचे तुरुंग पाहून आले आणि रिकाम्या हातांनी परतले, तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात. मेजर अशोक सुरींच्या वडिलांना 1974 साली मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आली होती, ते तुम्ही पेनानं अधोरेखित करून ठेवलं आहे. त्या घरांचं दुःख फार मोठं आहे. 1972 च्या सिमला करारानंतर आपण पाकिस्तानचे 93,000 युद्धकैदी सोडले आणि ही माणसं तिकडेच राहिली, या विचारानं माझंही रक्त उसळतं. पण त्या घरांना धरायला काही ना काही धागा तरी होता. कुणाची चिठ्ठी आली, कुणाचा फोटो दिसला, कुणाचं नाव रेडिओवर ऐकू आलं. आपल्या काकांचं तसं नाही.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं काकांच्या 'खुकरी' या युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडला आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. जहाजाचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन जहाजासोबत गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. जे पाण्यावर तरंगत राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याच 'कच्छल' युद्धनौकेनं उचललं. पाणबुडी खालीच होती, तिनं कुणालाही वर घेतलं नाही. काका इंजिनरूममध्ये काम करायचे, हे तुम्हीच सांगितलं आहे. त्यांच्यासाठी तुरुंग नव्हता, बाबा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय की, टॉर्पेडो लागला तेव्हा जहाजावर आकाशवाणीच्या पावणेनऊच्या बातम्या सुरू होत होत्या. हे वाचलं आणि मला तुमची चावडी आठवली. लढाईच्या दिवसांत सगळं गाव ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती बसायचं आणि "माझा दादा नौदलात आहे" म्हणून तुम्हाला पुढे बसायला मिळायचं, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंय. म्हणजे त्या रात्री तुम्ही दोघे भाऊ एकच बातम्या ऐकायला बसला होतात. यापुढे मला काही सुचलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि तुम्हाला फोन लावला, आणि फोनवर नुसतं पावसापाण्याचंच विचारलं.

16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी येळवस, आपली शेतात पुजायची वेळ अमावस्या. जिंकल्याच्या आनंदात सगळं गाव शेतात. आजीनं कोपीत पांडव मांडले, भज्जी-आंबील केली आणि काकांच्या नावानं उंडे बाजूला काढून ठेवले. तार त्यानंतर आली. गुरुजींनी ती वाचली आणि आधी आजोबांना बाजूला नेलं. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि सुकडी पदरात बांधून आणायची, तेव्हाही कुणी मुंबईकडून आलं की हातोडा ठेवून विचारायला उठायची. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यापुढे तेरणेचा पूर होता, आणि पुरात गेलेलं माणूस कधी ना कधी काठाला लागतं.

गेल्या हिवाळ्यात मी पोराला घेऊन दीवला गेले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. समुद्राकडे तोंड केलेल्या टेकाडावर काचेच्या घरात खुकरीची लहानशी प्रतिकृती ठेवली आहे. त्याच नावाची दुसरी युद्धनौका 1989 पासून 32 वर्षं नौदलात होती, आता तीही दीवला ठेवली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात ग्रॅनाइटच्या विटेवर काकांचं नाव कोरलंय. त्याचा फोटो मी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, पण आई म्हणाली की तुम्ही तो रोज उघडून बघता.

आई, आता तुझ्याशी. तू या घरात आलीस तेव्हा काकांना जाऊन बारा वर्षं होत आली होती. तू त्यांना पाहिलंही नाहीस, आणि तरी दर पितृपक्षात सासूची नजर सांभाळत सगळ्या पितरांची पानं वाढलीस, त्यांचं तेवढं सोडून. आजी म्हणायची, जित्या माणसाचं पान वाढत नसतात. मला ते पान यंदा वाढायचं आहे. युद्धात गेलेल्यांसाठी घातचतुर्दशी असते, तीच तिथी धरू. त्यांना काय आवडायचं, ते आजीनं तुला नक्की सांगितलं असणार. तेच करू.

मी द्वादशीलाच येते. तोवर बाबांना पेटीतलं नौदलाचं पत्र काढून ठेवायला सांग. त्याची घडी फाटत आली आहे, जपून उघडा. बाबा, तलाठ्याकडे आपण दोघं जाऊ. तुम्ही तिथं नुसते बसा, बोलायचं ते मी बोलेन. आणि तिथं पोचल्यावर तुमचं मन झालंच नाही, तर परत येऊ. सातबारा आहे तसा राहू दे. पान मात्र वाढूच.

डिसेंबरात 9 तारखेला दीवला जायचं ठरवते आहे. आईचे गुडघे बघता एस.टी. नको, मी गाडी सांगते. टेकाडावर चढायला फार नाही. धाकट्या काकांनाही विचारा, ते येणार असतील तर मोठीच गाडी करते.

तुमची,
मनू