या वेळी टोकावर जायचं नाही

विंटरथूर, स्वित्झर्लंड, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बर्फातल्या सहलीचा विषय काढला की आई "बघू गं" म्हणते आणि फोन बाबांकडे देते. बाबा म्हणतात, "तुम्ही तिघं जाऊन या बर्फात, आम्ही घर सांभाळतो." घर सांभाळायलाच कर्जतहून माणसं आणायची तर त्यापेक्षा कुलूप स्वस्त पडेल. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच "जेवलीस का?" विचारता येत नाही.

तर ठरलंय असं. गुरुवार ५ मार्च ते रविवार ८ मार्च, वेंगेनला. लाउटरब्रुन्नेनच्या खोऱ्यातलं, कड्याच्या माथ्यावरचं गाव. होळी त्याच आठवड्यात आहे, पुरणपोळी इथे घरी खाऊन निघू. फेब्रुवारीत मुद्दामच जात नाही. तेव्हा इथल्या शाळांना खास स्कीइंगची सुट्टी असते, निम्मा देश डोंगरात लोटतो आणि खोल्यांचे भाव विचारायची सोय राहत नाही. मार्चमध्ये गर्दी ओसरते, दिवस मोठा होतो, ऊन चांगलं लागतं. ओवीच्या शाळेत वर्षाला दोन 'योकरटाग' मिळतात. म्हणजे कारण न सांगता घ्यायच्या रजा. दोन्ही मी या गुरुवार-शुक्रवारसाठी राखून ठेवल्यात. आता तुम्ही नाही म्हणालात तर त्या वाया जातील, आणि बाबांनी आयुष्यात एक सी.एल. वाया घालवलेली नाही.

आई, तुझ्या "बघू"च्या मागे काय आहे ते मला माहीत आहे. २०२३ च्या जूनमध्ये युंगफ्राउयोखला नेलं होतं तुम्हाला, ३,४५४ मीटरवर. सकाळी घरातून निघून त्याच दिवशी परत. बर्फाच्या बोगद्यात तुला गरगरायला लागलं. तू कठड्याला धरून बाकावर बसलीस आणि म्हणालीस, "तुम्ही फिरून या, मी इथे बरी आहे." आणि मी काय म्हणाले? "आई, एवढे पैसे भरलेत, एक फोटो तरी काढूया." तो फोटो अजून माझ्याकडे आहे. तू हसतेयस, पण कठड्यावरची तुझी बोटं पांढरी पडलेली दिसतात. मला ती त्या वेळी दिसली नाहीत. परवा मोबाइल रिकामा करताना दिसली.

या वेळी टोकावर जायचंच नाही. लाउटरब्रुन्नेन स्टेशन साधारण ८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानाएवढंच. वेंगेन १,२७४ मीटर, महाबळेश्वरपेक्षा थोडं खालीच. डॉक्टरांना हे आकडे सांग, ते उगाच घाबरणार नाहीत. बाबांची बी.पी.ची गोळी, तुझे गुडघे, सगळं विचारून घे. पण "स्वित्झर्लंडला डोंगरात जाऊ का?" असं विचारू नकोस, नाहीतर ते एव्हरेस्ट समजून नाहीच म्हणतील.

आणि वेंगेनलाही गाड्यांना बंदी. माथेरानला कशी दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, तशी इथे लाउटरब्रुन्नेनला सोडायची आणि पुढे फक्त रेल्वे. वर लाल माती नाही आणि घोडे मागे लागत नाहीत, एवढाच फरक. सामान विजेवरच्या छोट्या गाड्यांतून जातं. गावातल्या बायका किराणा लाकडी स्लेजवर ठेवून दोरीने ओढत घरी नेतात. आई, हे तुला तासभर खिडकीत बसून बघायला आवडेल.

आता बाबांसाठी. इंटरलाकेन ओस्टला आपण जी गाडी धरू ती वाटेत त्स्वाइल्युत्शिनेनला दुभागते. अर्धी ग्रिंडेलवाल्डला, अर्धी लाउटरब्रुन्नेनला. चुकीच्या डब्यात बसलं की संपलं, म्हणून ते काम तुमच्याकडे. लाउटरब्रुन्नेनहून वर जाणारी वेंगेर्नआल्पबान १८९३ सालची, ८०० मिलिमीटर गेजची. दोन रुळांच्या मध्ये तिसरा दातेरी रूळ, आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत चढतं. भोर घाटात तुम्हाला सदतीसाला एक चढ, तिथे सगळ्यात तीव्र ठिकाणी चाराला एक. तुम्हाला आवडेल ती गोष्ट वेगळीच आहे: मोटारीचा डबा नेहमी दरीच्या बाजूला असतो, म्हणजे गाडी खालून ढकलली जाते. अख्खी लाइन म्हणजे बँकरच, मागून ढकलणारं इंजिन! कर्जतला गाडीमागे बँकर लागले की तुम्ही मला प्लॅटफॉर्मच्या टोकाला नेऊन उभं करायचात. तेव्हा मला फक्त वडापाव हवा असायचा.

तब्येत ठीक असेल आणि आभाळ मोकळं असेल तर एक दिवस त्याच गाडीने क्लायने शायडेगपर्यंत, २,०६१ मीटरवर. समोर आयगरची उत्तर भिंत. खुर्चीत बसायचं, गरम काहीतरी प्यायचं, तासाभरात खाली. आईला नको वाटलं तर बाबा आणि सौरभ जातील, मी तिच्याजवळ थांबेन. खरंच थांबेन. फ्योन नावाचा वारा सुटला तर रोपवेचे पाळणे बंद ठेवतात, मग सगळेच खाली बसून पत्ते खेळू.

तुम्हाला कोणी स्कीवर उभं करणार नाही. ते काम ओवीचं. गेल्या वर्षी ती शिकली, अजून 'पिझ्झा'च चाललाय. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून त्रिकोण करायचा, की वेग कमी होतो. शिक्षिका खालून ओरडते "पिझ्झा! पिझ्झा!" आणि आमची बाई दोन्ही हात पसरून सरळ खाली. मुलांना वर न्यायला सरकता पट्टा असतो, विमानतळावर बॅगा फिरतात तसा. त्याच्या शेजारी बाक आहेत, उन्हातले. तिथे बसून नातीला हाका मारायच्या.

चालायला वेगळ्या वाटा असतात, बर्फ दाबून सपाट केलेल्या, गुलाबी पाट्या लावलेल्या. सकाळी त्या काचेसारख्या कडक असतात आणि दुपारी तीननंतर राबडी होते, म्हणून आपण साडेदहा ते दोन. बुटांखाली लावायचे काटे मी घेऊन ठेवलेत. बूट तिकडे घेऊ नका, इथे भाड्याने मिळतात. आई, बर्फात साडी नको गं. काठ भिजतो आणि थंडीत कडक होऊन पायावर आपटत राहतो. पंजाबी ड्रेस, आत थर्मल. आणि गॉगल दोघांनाही. बर्फावरून उलटणारं ऊन माथेरानच्या उन्हापेक्षा वाईट, चेहरा दोन दिवसांत भाजतो.

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीय, तळमजल्यावर, स्टेशनपासून चार मिनिटं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आण. तूप आणि पेढे आणू नकोस. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणी इथे उत्तम मिळतं, तूप तूच कढव, मला अजून तसं जमत नाही.

तुम्ही २० फेब्रुवारीच्या सुमारास इकडे या, म्हणजे आधी घरी थंडीची सवय होईल. परत जायचं ते पाडव्याची गुढी इथे उभारून. व्हिसाचं डिसेंबरातच करून टाकू. मी निमंत्रणपत्र पाठवते. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो मी इथून काढते. बाबांनी पेन्शनच्या पासबुकात एंट्री मारून घ्यावी आणि दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवावा. गेल्या वेळेसारखा ट्यूबलाइट चमकलेला नको.

आणि बाबा, इकडे आल्यावर कॉफीचा भाव रुपयांत गुणायचा नाही. मनातसुद्धा नाही. तुमचे ओठ हलतात, मला कळतं.

रविवारी फोन करते. तेव्हा "बघू" चालणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. ओवी विचारतेय, आजीला पिझ्झा करता येतो का. तिला मी थालीपीठ सांगितलंय.