दारू सोडवायच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात ठेवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर वाचून बाया माझ्याकडे येतात. “दादा, चहात टाकता येईल अशी पावडर द्या.” त्यांना बहुतेक वेळा डायसल्फिराम हवं असतं, नाव माहीत नसतं एवढंच. हे औषध अंगात असताना दारू पोटात गेली की दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साठतं. तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी उतरतो. हृदयरोग्याच्या जिवावरही बेतू शकतं. पिणाऱ्याने समजून घेतलं तर ते औषध, चोरून दिलं तर विषप्रयोगच. मी देत नाही. पण “मग काय देता?” असं त्या विचारतात, तेव्हा उत्तर तुमच्या खात्याकडून यायला हवं.

उत्तर आहे, आणि ते जुनं आहे. नालट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज. पिण्यातली मजा आणि ओढ तिने कमी होते, आणि पिणं पूर्ण सुटलेलं नसतानाही ती सुरू करता येते. यकृताची तपासणी करायची आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं सोबत द्यायची नाहीत, एवढं डॉक्टरला पाहावं लागतं. अकॅम्प्रोसेट हे दुसरं औषध मात्र दारू सोडल्यानंतर टिकण्यासाठी. ते मूत्रपिंडावाटे जातं, म्हणून यकृत बिघडलेल्यालाही चालतं; पण दिवसाला सहा गोळ्या घेणं सोपं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं २०२३ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. हा रामबाण उपाय नाही, हेही सांगतो. साधारण बारा जणांना दिल्यावर एकाला जास्तीचा गुण येतो. पण बीपी-कोलेस्टेरॉलच्या कित्येक गोळ्यांचा हिशेब याहून चांगला नसतो, आणि त्या आपण बिनतक्रार वाटतो.

सरकारी दवाखान्यात या गोळ्यांचं विचारलं की ऐकायला मिळतं, “समुपदेशक नाही, व्यसनमुक्ती केंद्रात न्या.” अमेरिकेत २००६ साली १,३८३ रुग्णांवरचा कम्बाइन नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नालट्रेक्सोनसोबत डॉक्टर किंवा नर्सने ठरावीक दिवसांनी भेटून गोळी घेतली का, त्रास काय होतो, किती प्यालात, एवढंच विचारलं, तरी तज्ज्ञाच्या समुपदेशनाइतकाच फायदा झाला. (त्यात अकॅम्प्रोसेटचा गुण दिसला नव्हता, हेही खरं.) समुपदेशन फुकट जातं असं मी म्हणत नाही. गोव्यात शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी मोजक्या बैठकांत जास्त पिणाऱ्यांना मदत केल्याचं २०१७ मध्ये छापून आलं आहे. माझं म्हणणं एवढंच की समुपदेशक येईपर्यंत गोळी अडवून ठेवू नका. एम्सच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतो.

आमच्याकडे दारू सोडायची म्हणजे माळ घालायची, नाहीतर देवापुढे शपथ घ्यायची. भावना मोठी आहे आणि काहींची सुटतेही. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली की हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीवर साप-विंचू दिसायला लागतात. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, आणि गाडी देवऋषीकडे वळते. खरं तर तेव्हा दवाखान्यातली खाट, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपॅमसारखं शांत करणारं औषध आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय लांब पडतं आणि या आजारात तासांनी फरक पडतो. कीर्तनकारांना आणि सरपंचांना निदान एवढं कळवा, की माळ घालण्याआधी माणूस डॉक्टरला दाखवा.

आता ऊसतोडीचं. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि साखर कारखाने बंद झाल्यावरच परततात. ‘दर महिन्याला ओपीडीत या’ हे कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, जमणार नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, खाडा परवडत नाही. त्यांना निघताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि एक कार्ड द्या. ते कार्ड सांगली-कोल्हापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही चाललं पाहिजे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारूमुळे होणारे मानसिक आजार येतात. म्हणजे हा उपचार मिळणं हा हक्क आहे. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट या दोन गोळ्या, बी-१ आणि प्रशिक्षण घेतलेला एक वैद्यकीय अधिकारी द्या. अवघड रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञ फोनवर मिळाला तरी पुरे. टोळ्या निघण्याआधी गोळ्या पोचल्या, तर चहात टाकायची पावडर मागणाऱ्या बाईला मी चिठ्ठीवर रुग्णालयाचं नाव लिहून देईन.

आपला,
एक औषधविक्रेता, जि. बीड