जमैकन लोकांची भिशी गावच्या शाळेला लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्याकडे परदेशात गेलेल्यांनी मायदेशासाठी काय करावं यावर लेख होता, त्यात कॅरेबियनचा विषय एका ओळीत उरकलाय आणि तोही "तिथले लोक गेले की गेले" अशा सुरात. मी न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात राहते, आजूबाजूला जमैका, हैती, त्रिनिदादचेच लोक जास्त, माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात तर निम्म्या नर्स जमैकन, म्हणून राहवलं नाही.

हे लोक देत नाहीत असं कृपा करून कोणी म्हणू नका. जमैकाची लोकसंख्या 28 लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याहूनही कमी, आणि बाहेरून घरोघरी जाणारा पैसा वर्षाला 3 अब्ज डॉलरच्या वर. शिवाय सामान भरून बोटीने पाठवतात ती पिंपं वेगळीच! ख्रिसमसच्या आधी इथे घराघरात पिंप भरणं चालू असतं. आमच्या मजल्यावरच्या आजी कित्येक महिने भरत असतात, तळाला तांदूळ आणि तेलाचे कॅन, मग साबण, टूथपेस्ट, टिनमधले मासे, नातवाचे शाळेचे बूट, आणि फटी राहिल्या की त्यात मोजे कोंबायचे, कारण शिपिंगवाला पिंपाचे पैसे घेतो, वजनाचे नाही.

पण हे सगळं घरात जातं आणि घरातच संपतं. जायलाच पाहिजे म्हणा, आईचं औषध आणि पोरांची फी दुसरं कोण भरणार, पण गावातल्या शाळेला, दवाखान्याला त्यातलं काय मिळतं? आईबाप इकडे, पोरं आजीकडे, अशा पोरांना तिकडे 'बॅरल चिल्ड्रन' म्हणजे पिंपावर वाढलेली पोरं म्हणतात, आणि तीही शिकली की व्हिसाच्या लाईनीत. आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) 2006 च्या एका अभ्यासात कॅरेबियनच्या बऱ्याच देशांतले बारावीच्या पुढे शिकलेले 70 टक्क्यांहून जास्त लोक बाहेर गेलेले निघाले. म्हणजे नर्स तयार करायचा खर्च जमैकाच्या राजधानीचा, किंग्स्टनचा, आणि ड्युटी आमच्या ब्रुकलिनला, आम्ही काय, मजेत आहोत!

माझं म्हणणं एवढंच की नवीन पैसा मागू नका, आहे त्यातला थोडा एकत्र करा. आणि त्याची सोय त्यांच्याकडे आधीपासून आहे, तिला ते पार्डनर म्हणतात, सरळ सरळ आपली भिशी. दर आठवड्याला ठरलेला हप्ता, म्हणजे 'हँड', टाकायचा, एक विश्वासू बाई 'बँकर' म्हणून हिशोब ठेवते आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी रक्कम. 1948 नंतर जे जमैकन लंडनला गेले त्यांना बँका कर्ज देत नव्हत्या, तेव्हा कित्येकांनी याच पैशावर घरं घेतली. मग 20 जणांची पार्डनर असेल आणि आठवड्याचे 50 डॉलर असतील तर एकविसावी पाळी गावच्या शाळेच्या नावाने ठेवा ना, दर फेरीला 1000 डॉलर, कोणाला जड नाही, ना सभा ना भाषणं. मोठ्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटना इथे आहेतच आणि जोरात आहेत, एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाला पेन रिलेज या धावण्याच्या स्पर्धेत त्यांच्या शाळांची पोरं धावतात तेव्हा स्टँडमधला आवाज ऐकावा! पण डोंगरातल्या चार खोल्यांच्या प्रायमरी शाळेला कोण वाली?

आणि वस्तू पाठवायच्या तर आधी तिकडे फोन करून विचारा. मी हॉस्पिटलात काम करते म्हणून सांगते, जमैकात लाईट 110 व्होल्ट पण 50 हर्ट्झ. अमेरिकेत 60 हर्ट्झ, ब्रिटनमध्ये 230 व्होल्ट. लंडनहून आलेलं जुनं मशीन तिथे तसंच्या तसं लावता येत नाही, इकडून गेलेलं मोटरवालं मशीन हळू चालतं नाहीतर तापतं, मग फोटो काढून झाले की ते कोपऱ्यात. त्यापेक्षा रिटायर झालेल्या नर्सने महिनाभर जाऊन तिथल्या मुलींना शिकवलं तर जास्त उपयोग.

जमैकाच्या सरकारचं म्हणाल तर 2004 पासून डायस्पोरा, म्हणजे परदेशात गेलेल्या लोकांची, कॉन्फरन्स भरवतात, त्यांच्याकडून कर्जाऊ पैसे घ्यायच्या डायस्पोरा बाँडच्याही गप्पा होतात. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर 1998 मध्ये भारताने बाहेरच्या भारतीयांकडून बाँडवर 4.2 अब्ज डॉलर उभे केले होते, पण त्यासाठी लोकांचा भरवसा लागतो, आणि परदेशात बसलेल्या जमैकन माणसाला साधं मतही देता येत नाही.

जाता जाता, 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेतून रोख पैसे भरून बाहेर पाठवले की 1 टक्का टॅक्स लागतो, बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट कार्डने पाठवले तर नाही. काउंटरवर नोटा मोजणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाच हा बसतो. आमच्या आजींना फोनवरून पाठवायला शिकवलंय, आपल्याकडचंही कोणी अजून रोखीने पाठवत असेल तर त्यांनाही सांगा.

आपली वाचक,
ब्रुकलिन, न्यूयॉर्क (मूळ गाव गुहागर)