गार्डवरून टॅकलवर: डोनोव्हन जॅक्सनला आभारपत्र

प्रिय डोनोव्हन,

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२४ च्या मोसमात ओहायो स्टेट १६ सामने खेळली, १४ जिंकली आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेती ठरली. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड आणि तो झेलणारा रिसीव्हर जेरेमाया स्मिथ यांचं कौतुक भरपूर झालं, व्हायलाच हवं होतं. आम्हाला आभार मानायचे आहेत ते तू जागा बदललीस म्हणून.

१२ ऑक्टोबरला ओरेगनमध्ये लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधला डाव्या टोकाचा) जॉश सिमन्सचा गुडघा गेला. सामनाही गेला, ३१-३२. नेब्रास्काविरुद्ध त्याच्या जागी उतरलेला झेन मिचाल्स्कीही जखमी झाला. मग २ नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर, तेही क्वार्टरबॅकवर धावून जाणारा रशर अब्दुल कार्टर असलेल्या संघासमोर, टॅकलच्या आतला लेफ्ट गार्ड असलेला तू टॅकल म्हणून उभा राहिलास.

कागदावर हे एकच घर सरकणं. प्रत्यक्षात कबड्डीतल्या कव्हरवाल्याला ऐन स्पर्धेत डाव्या कोपऱ्यात धाडण्यासारखं. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात, समोरचा हाताच्या अंतरावर असतो आणि स्नॅप झाला (चेंडू मागे दिला) की लगेच धडक बसते. पावलं आखूड, काम जोराचं. टॅकलच्या बाहेर बहुतेक वेळा कोणीच नसतं. रशर लांब उभा राहून तिरका सुसाट येतो, म्हणून गाठ पडेपर्यंत मागे सरकत राहावं लागतं: डावा पाय मागे, उजवा त्याच्या पाठोपाठ, पायात पाय अडकू न देता, खांदे न वळवता.

गार्डची सवय नेमकी इथे नडते. हात लवकर टाकले की रशर ते झटकतो आणि आपलं वजन पुढे गेलेलं असतं. कंबर लवकर उघडली की तो आतून घुसतो. उशीर झाला तर बाहेरून वळसा घालतो, मग जर्सी ओढायचा मोह होतो आणि होल्डिंगचे (पकडून ठेवण्याच्या फाउलचे) १० यार्ड जातात. हॉवर्ड उजव्या हाताने फेकणारा, म्हणजे त्याची पाठ नेमकी याच बाजूला. जमेची गोष्ट एकच: दोन्ही जागा डावीकडच्या, त्यामुळे पायांची उलटापालट करावी लागली नाही.

टाइट एंड किंवा रनिंग बॅक या पास झेलू शकणाऱ्या खेळाडूंपैकी एकाला मदतीला ठेवता येतं, पण तो पाससाठी उशिरा सुटतो. टॅकल एकटा पुरला की पास झेलू शकणारे पाचही जण वेळेवर पळतात. हे आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

पेन स्टेटला २०-१३ हरवलं, आणि शेवटची पाच मिनिटं स्वतःच्या गोललाइनजवळून नुसतं धावत संपवली! लाइनचं प्रगतिपुस्तक बघायचं तर तो ड्राइव्ह (सलग चढाई) बघावा. मिशिगनकडून १०-१३ हरलो तेव्हा मधून धावायची वाट बंद झाली होती, पण तो हिशेब एकट्या तुझ्या नावावर नाही. प्लेऑफच्या रोझ बोल सामन्यात त्याच ओरेगनला ४१-२१ लोळवलं.

हे पत्र कार्सन हिंझमनलाही दाखव. तू सरकलास म्हणून तो गार्डवर आला, आणि नोव्हेंबरमध्ये सराव करताना स्नॅप देणाऱ्या सेंटरची, सेथ मॅकलॉफलिनची, टाच निकामी झाल्यावर सेंटरला गेला. त्याच्या गार्डच्या जागेवर ल्यूक माँटगोमेरी उभा राहिला. त्या दोघांचेही आभार.

तुझे,
ओहायो स्टेटचे मराठी चाहते